फळीवरचे जोडे

गेल्या हिवाळ्यात म्हातारी बुन्नाम सोयाबीनच्या आंबवणाची मडकी पुसायला निघाली आणि अंगणातल्या बर्फावर घसरली. लागलं नाही, पण लेकानं, दोक्सूनं, तिचे पांढरे रबरी जोडे उचलून फळीवर टाकले. “आई, जागेवरून हलायचं नाही. मडक्यांचं मी बघतो.” जेवण हातात, पाणी हातात, पुढेपुढे शौचाचं भांडंही अंथरुणापाशी. आज दवाखान्यातली नर्स आली, तेव्हा दोक्सू छाती फुगवून म्हणाला, “वर्षभरात एकदाही पडली नाही.” “वा. चालवा बघू आजींना.” त्यानं आईला उचलून ओसरीच्या कडेला बसवलं, धुळकट जोडे पुसून पायांत चढवले. दोघांनी काखेत धरून उभं केलं. हात सैल होताच गुडघ्यांनी दगा दिला. नर्सनं नजर वळवली. “जरा जोर लाव ना, आई.” “पडायला आधी उभं राहावं लागतं, बाळा,” ती म्हणाली. “काढ ते जोडे. कुणाला तरी होतील.”