बादलीतला गणपती

पपईच्या पानांचा हिरवागार रस पाहूनच श्रीरंगला मळमळलं. डेंग्यूचा ताप उतरला होता, हाडं अजून ठणकत होती, आणि दार-एस-सलामवरचा राग काही केल्या उतरत नव्हता.

"गटारात राहतात ही माणसं," तो बायकोला म्हणाला. "ती खाडी पाहिलीस? शिसारी येते. म्हणून तर आपल्या गणपतीचं विसर्जन मी घरीच केलं."

"बरं. रस पी आधी," म्हणत रेवती आत गेली.

रस कुंडीत ओतून मोकळं व्हावं म्हणून तो पेला घेऊन बाल्कनीत आला. कोपऱ्यात विसर्जनाची बादली तशीच होती. शाडूची म्हणून पेणहून आणलेली मूर्ती महिना झाला तरी विरघळत नव्हती, आणि देवाचं पाणी मोरीत कसं ओतायचं म्हणून बादलीला कुणी हात लावला नव्हता. वर ठेवलेला पाट कधीच घसरला होता.

तो वाकला. बाप्पाच्या पोटाभोवती डासांच्या अळ्या वळवळत होत्या. पाण्यावरून एक डास उठला आणि सावकाश बेडरूमकडे गेला.

"प्यायलास का?" आतून रेवतीने विचारलं.

"पितोय," तो म्हणाला, आणि तोंड वाकडं न करता शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.