पोटात न मावणारी गोष्ट

बुधवारी सकाळी वैद्यांची लेक इतर पेशंटांसारखी नंबर लावून त्यांच्यासमोर येऊन बसली. "मळमळ थांबत नाही," म्हणाली आणि लाजत कारणही सांगितलं. वैद्य खुर्चीतून ताडकन उठलेच.

"थांब, तुझ्या आईला हाक मारतो!" त्यांची बायको डॉक्टर, तिचा दवाखाना वरच्याच मजल्यावर होता.

"नको बाबा! रविवारी आम्ही दोघं येऊन सांगणार आहोत. तोवर कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही."

"आईलासुद्धा?"

"आत्ता तुम्ही वैद्य आहात आणि मी पेशंट."

वैद्य पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी औषध लिहून दिलं.

पुढचे चार दिवस त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. जेवताना मध्येच हसायचे, आंघोळ करताना गायचे. "झालंय तरी काय तुम्हाला?" बायको विचारायची. "कुठे काय?" म्हणून ते घटाघट पाणी प्यायचे. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्यापासून काही म्हणून लपवलं नव्हतं.

रविवारी लेक-जावई आले, बातमी सांगितली आणि सगळ्यांनी मिळून घर डोक्यावर घेतलं. त्या गडबडीतच वैद्यांनी बायकोला बाजूला नेलं. "रागावू नकोस. मला बुधवारीच कळलं होतं. पण पेशंटची गोष्ट, सांगणार कशी?"

बायको डोळे पुसत हसली. "अहो, मळमळीच्या औषधासाठी तिला तुमच्याकडे मीच पाठवलं होतं. चार दिवस तुमची घालमेल बघत होते. पण पेशंट तर ती माझीही होती ना!"