जरा खिडकीकडे बघा

सरकारने दडवलेल्या दुष्काळावरचं पुस्तक छापून आल्यापासून म्हातारे इतिहासकार अस्रात अटकेची वाट बघत होते. आलं ते सरकारी सन्मानाचं बोलावणं, आणि पाठोपाठ त्यांचं चित्र काढायला तेस्फु. आयुष्यभर चर्चच्या भिंती रंगवलेला माणूस तो. त्याच्या भिंतींवर संत सरळ समोर बघत, दोन्ही डोळ्यांनी. सैतान आणि येशूला दगा देणारा यहूदा तेवढे एका बाजूने, एकाच डोळ्याचे. अदिस अबाबातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं.

"गाशे," वडीलधाऱ्यांना आदराने म्हणतात तसं तेस्फु म्हणाला, "जरा खिडकीकडे बघा."

"का रे? तिकडे काय आहे?"

"उजेड बरा पडतो," तेस्फु कुंचल्याकडे बघतच म्हणाला.

सोहळ्याच्या दिवशी सभागृहाच्या दोन्ही दारांवर बंदूकवाले शिपाई होते. "सलामीला असतील," जुना मित्र देसाले अस्रातांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला. "उगाच घाबरत होतास, लेका! आता सगळं शहर तुला ओळखणार."

मंत्र्यांनी चित्रावरच्या पडद्याची दोरी ओढली.



चित्रातल्या अस्रातांना एकच डोळा होता, आणि देसालेने खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला.