बोळाकडचं भोक

"हे तेवढं राहिलं," गवंडी भिंतीबाहेरून म्हणाला.

"राहिलं कशाला? बुजव," थोरलीनं आतून हुकूम सोडला.

भोक ओट्याखालच्या पाइपाशेजारी होतं. मूठ जाईल एवढं. बाहेर आडवं होऊन शिरावं लागेल असा बोळ, आणि बोळापलीकडे धाकट्या जावेची स्वयंपाकघराची खिडकी. थोरलीच्या मते सगळे उंदीर त्या खिडकीतून निघत आणि या भोकातून आत येत. एवढ्या मोठ्या गावात त्यांना दुसरं बिऱ्हाड मिळत नव्हतं. त्यांनी तिची ठेवणीतली शाल कुरतडली तेव्हा तर तिची खात्रीच पटली. धाकटीच्या चादरीला कधी दात लागल्याचं ऐकिवात नव्हतं. तिकडची शिकवण, दुसरं काय.

त्याआधी गवंड्यानं भर दुपारी दारं-खिडक्या लावून थोरलीला अंधारात उभं केलं होतं. उजेड दिसेल तिथून उंदराची वाट, म्हणाला. तिनं पाहिलं, तर चौकटीखाली, वायरीशेजारी, छपराच्या कडेला नुसत्या चांदण्या. घर बांधणारा नवरा केव्हाच फोटोत जाऊन बसला होता, नाहीतर त्याची त्याच दुपारी खरडपट्टी निघाली असती. मग एकेका भोकात भांडी घासायची तारेची घासणी ठासायची आणि वरून सिमेंट लिंपायचं, असं काम चाललं. तारेला उंदीर दात लावत नाही, हे गवंड्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं.

थोरली आणि धाकटी एकमेकींशी बोलत नव्हत्या. सून लग्न होऊन आली तेव्हाही बोलत नव्हत्या. भांडण कशावरून झालं ते दोघींनाही धड आठवत नव्हतं. चूक कोणाची होती ते मात्र दोघींना पक्कं ठाऊक होतं.

थोरली बोलायची ती पातेल्याशी. रोज सकाळी ओट्यापाशी, पाइपाकडे तोंड करून, खणखणीत. काही लोक रात्रभर खोकतात आणि शेजाऱ्यांची झोप मोडतात, औषध घ्यायला काय जीव जातो का, असं ती पातेल्याला विचारायची. मग बोळापलीकडून धाकटी आपल्या तव्याला सांगायची, की औषध घेतलंय म्हणावं, आणि दुसऱ्याचा खोकला मोजणाऱ्यांनी आधी स्वतःच्या गुडघ्यांना तेल लावावं, जिना उतरताना कण्हणं इथवर येतं. पातेल्याला आणि तव्याला एकमेकांच्या घरातल्या दुखण्यांची इत्थंभूत माहिती होती. जावा तेवढ्या बोलत नव्हत्या.

सिमेंट ओलं आहे, हात लावू नका, दाराखालची पट्टी बसवायला परवा येतो, असं बजावून गवंडी गेला.

सकाळी थोरली ओट्यापाशी आली. ओटा स्वच्छ. एक लेंडी नाही. तिनं पातेलं उचललं आणि अंथरुणात पडल्या पडल्या जुळवून ठेवलेलं वाक्य टाकलं. काही घरांत उंदरांच्या पोटाला मिळत असतं, तर ते उठून दुसऱ्यांच्या शाली खायला आलेच नसते. वाक्य झकास होतं. ती उत्तरासाठी थांबली.

उत्तर आलं नाही.

तिनं आवाज चढवून पुन्हा म्हटलं. सुनेनं दारातून डोकावून विचारलं, की आई, कोणाशी बोलताय. पातेल्याशी, तुला काय करायचंय, म्हणून थोरलीनं तिला वाटेला लावलं.

मग तिच्या लक्षात आलं, की आज खोकलाही ऐकू आलेला नाही. बरं झालं, कटकट गेली, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ती चहाला बसली. चहा बेचव लागला. अर्थात चूक सुनेची. धाकटी घरात एकटी. लेक परगावी. तिला रात्री काही झालं असतं, तर घोटभर पाणी कोण देणार होतं? तवा?

थोरलीनं सुनेला बाजारात पिटाळलं. पेचकस काढला. गुडघ्यांना शिव्या देत ओट्याखाली बसली आणि सिमेंट टोकरू लागली. एक खपली पडली, दुसरी पडली. तारेचं टोक हाताला लागलं. तिनं ते ओढलं. तार हलली, पण उलट दिशेनं. तिनं नेट लावला, तसा पलीकडूनही हिसका बसला, आणि अख्खी घासणी तिच्या बोटांतून सुटून बाहेर गेली.

भोकातून उजेड आला. उजेडात धाकटी होती. बोळात आडवी शिरलेली, हातात उलथनं, केसांत सिमेंटचा चुरा. तिला खोकल्याची उबळ आली. थोरलीनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बोललं कोणीच नाही. इतक्या वर्षांची तपश्चर्या अशी एका भोकापायी घालवायची नसते.

ठरल्या दिवशी गवंडी आला आणि पाइपाशेजारी बघून त्यानं कपाळावर हात मारला. तार कुरतडणारा उंदीर आपण जन्मात पाहिला नाही, म्हणाला. त्यानं पिशवीतून नवी घासणी काढली.

"ठेव ती परत," थोरली म्हणाली. "काही उपयोग नाही. इथले उंदीर फार जुने आहेत."

बोळापलीकडे तवा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"म्हातारे झालेत, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "पण दात शाबूत आहेत."