मानसिंगरावांचा गुडघा

“अजून वाकवा, आबा. अजून थोडा.”

“तुटंल की गं पोरी!”

“तुटत नाही. नवा सांधा आहे तो.” योगिनीनं मानसिंगरावांची टाच हळूच मागं रेटली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बारामतीत गुडघ्याचा सांधा बदलून ते सणसरला घरी आले, त्याला चारच दिवस झाले होते. फिजिओथेरपिस्ट योगिनी रोज सकाळी भवानीनगरहून स्कूटीवर यायची.

“ऑपरेशन झालं की. मग ह्यो छळ कशापायी?” ते कावले.

“ऑपरेशन म्हणजे निम्मं काम, आबा. उरलेलं आपण करायचं. नुसतं पडून राहिलं तर पायातली ताकद जाते. चांगला बसवलेला सांधाही आखडतो.”

“पुन्यांदा सांगा, बाई,” आतल्या खोलीतून त्यांची बायको सरुबाई म्हणाली. “नीट ऐकू आलं न्हाय.”

योगिनीनं मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

“तिला काय करायचंय?” मानसिंगराव हसले.

दुसऱ्या दिवसापासून मधलं दार उघडंच राहू लागलं. मानसिंगराव पाय उचलायचे आणि आतून सरुबाई मोठ्यानं आकडे मोजायची. सातापाशी तिचा आवाज फुटायचा.

“पाय मी उचलतोय, आन् धाप तुला लागती व्हय?”

“तुमी उचला वो. माजं मी बघती.”

आठवडे सरले. एकदा त्यांनी वैतागून वॉकर ढकलून दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मागून घेतला. पाचव्या आठवड्यात गुडघा काटकोनाच्याही पुढं वाकला. त्यांना आपल्याच पायाचं नवल वाटायला लागलं. आंघोळीला बसले की त्याच्याकडं बघतच राहायचे.

सहाव्या आठवड्यात ते काठी टेकत एकटे कालव्यापर्यंत गेले. काठावर उभं राहिल्यावर त्यांचा ऊर भरून आला. कधी एकदा घरी सांगतो, असं झालं.

“सरू! कालव्यापातूर जाऊन आलो गं!” अंगणातूनच त्यांनी हाळी दिली.

योगिनी पडवीत थिजल्यासारखी उभी होती. सून प्रतिक्षाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मानसिंगराव घाईनं पायऱ्या चढले.

खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन वर्षं खाटेला खिळलेली, जिच्या उठण्याची आशा घरानं कधीच सोडली होती ती सरुबाई, दाराची चौकट धरून आपल्या पायांवर उभी होती.