दार कसं उघडलं

"काका, चोरांकडे बघून डोळा मिचकावायचा आणि दार उघडायचं, बस," दिग्दर्शिका शलाका म्हणाली. वॉचमनचं काम करणारा नट आलाच नव्हता, आणि बार्शीतली ही सोन्याची पेढी चार वाजेपर्यंतच शूटिंगला मिळाली होती. म्हणून नुसती माहिती सांगायला आलेल्या गहिनीनाथ सुरवसेंनाच तिने गणवेश घालायला लावला.

बारा वर्षांपूर्वी याच पेढीवर दरोडा पडला, तेव्हा दारावर तेच होते. कोर्टाने सोडलं, गावाने नाही. चोरांना सामील म्हणून पुन्हा कुणी कामावर ठेवलं नाही, पोटच्या मुलीनेही येणं-जाणं तोडलं. आता तोच कलंक पडद्यावर जाणार होता. "ताई, मी सामील नव्हतो हो," ते सकाळपासून विनवत होते. "पण कथेत तसंच लिहिलंय, काका," एवढंच उत्तर मिळत होतं.

कॅमेरा सुरू झाला. टोळीतल्या बाईचं काम करणारी नटी काचेपलीकडे बाळ म्हणून बाहुली छातीशी धरून उभी होती. सुरवसेंनी डोळा मिचकावला नाही. "बाळ का रडतंय? पाणी हवंय का त्याला?" असं म्हणत त्यांनी कडी काढली आणि पाणी आणायला पाठ फिरवली. तेवढ्यात दरोडेखोर आत घुसले.

'कट' म्हणायला शलाकाला उशीरच झाला. "असं झालं होतं? मग पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. कुणी लिहून घेतलं नाही."

"अजून एक टेक होईल," कॅमेरामन घड्याळ बघत म्हणाला.

"नको," शलाका म्हणाली.