दोनशे चौदावं परीक्षण

"गूळ," राजदीपसर म्हणाले, आणि मोहर्लीच्या रिसॉर्टच्या व्हरांड्यात सगळ्यांनी आदरानं माना डोलावल्या.

सरांनी बीयरचा ग्लास ओठांपाशी नेलाच नव्हता. तो लांब धरून, दुसऱ्या हातानं त्याच्यावरची हवा ते नाकाकडे ओढत होते. चंद्रपूरच्या कॉलेजात सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं की माणूस चहाचाही वास असाच घेतो. "आधी गूळ. मग संत्र्याची साल. आणि पार शेवटी पिकलेली टेंभरं."

देवाजीभाऊंनी एक घोट घेतला आणि गूळ शोधला. राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत जन्म काढलेला माणूस, शोधायची सवय होती. चेहरा वाकडा झाला, पण सापडला. "लागला बावा! मांगून लागला!" असं म्हणून त्यांनी आनंदानं व्हरांड्याच्या खांबाला मिठी मारली. मेडिकल स्टोअरवाल्या अंकुशला गूळ पहिल्याच ग्लासात लागला होता. तो आता पायरीवर बसून, शर्टाची बटणं उघडी टाकून, वाघाची डरकाळी काढत होता. समोरच्या, जंगलातून परतलेल्या जिप्सीतल्या पर्यटकांनी त्याचा फोटो घेतला. सकाळपासून त्यांना दुसरं काही दिसलं नव्हतं.

जिल्ह्यातली दारूबंदी उठली, त्या वर्षी या तिघांचं 'फेस मंडळ' सुरू झालं. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी याच व्हरांड्यात जमायचं, चार-पाच क्राफ्ट बीयर चाखायच्या आणि फेसबुकवर प्रत्येकीचं परीक्षण टाकायचं. परीक्षणं सरांची. ती चार हजार लोक वाचत, आणि नागपूरचे हॉटेलवाले त्यावरून माल मागवत. अशी दोनशे तेरा परीक्षणं झाली होती, आणि सरांच्या जिभेला अजून बीयरचा थेंबही लागलेला नव्हता. दीक्षाभूमीवर त्यांनी आईला, बायनाबाईला, पाचवं शील पाळायचा शब्द दिला होता. नशेचं काही पोटात जाणार नाही. नाकाबद्दल बोलणं झालं नव्हतं.

पहिल्या खेपेला ते नुसते सोबतीला आले होते. कशी वाटते, असं कुणीतरी विचारलं. नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून वास घेऊन त्यांनी काहीतरी सांगितलं, आणि टाळ्या पडल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत टाळ्या पडल्या नव्हत्या. तेव्हापासून सरांचा ग्लास, सगळ्यांची नजर चुकली की, क्रोटनच्या कुंडीत जायचा. क्रोटन आता छपराला टेकला होता.

आज मात्र करिश्मा आली होती. सरांचीच जुनी विद्यार्थिनी, नागपूरला स्वतःची बीयर बनवायची. आजचे सगळे ग्लास तिच्याच नव्या बीयरचे होते. बाटलीवर लेबलही लागलं नव्हतं.

"लेबलवर तुमचं वाक्य छापते, सर," ती म्हणाली. "फक्त एक व्हिडिओ पाहिजे. ग्लास पूर्ण प्यायचा, मग बोलायचं." आणि तिनं मोबाइल धरला.

बायनाबाई एक्याऐंशी वर्षांच्या होत्या, आणि दिवसभर मोबाइलवर व्हिडिओच बघत. पण ते जाऊ द्या. त्या बघोत न बघोत, शब्द तर दिलेला होता. आणि प्यायलं नाही, तर दोनशे तेरा परीक्षणं खोटी. मग हे दोघं आपल्याला कशाला बोलावतील? दुसऱ्या कोणत्या व्हरांड्यात आपली कुणी वाट बघत नाही, हे सरांना पक्कं माहीत होतं.

त्यांनी ग्लास ओठांपर्यंत नेला. फेस मिशीला लागला. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"मी पीत नाही," सर म्हणाले. "कधीच प्यायलो नाही. सगळं नुसत्या वासावर लिहिलं. माफ करा मले."

डरकाळी अर्ध्यात थांबली.

"मंग?" देवाजीभाऊ खांबावरूनच म्हणाले. "आमाले का डोळे नाईत? क्रोटन असा वाढते काय बे कुठी? आन् दर खेपेले गाडीची चाबी तुमच्याच खिशात काऊन टाकतो आमी? तुमी गाडी चांगली चालवता म्हून? चौथ्या गेअरले घाबरता तुमी!"

"मग कधी बोलला नाहीत ते?" सरांनी विचारलं.

"आमी बोललो असतो तं तुमी आले असते काय?" अंकुश म्हणाला. "आन् परीक्षन कोनं लिवलं असतं? मले तं दुकानातल्या फिनाईलचाबी वास येत नाई, सर."

सर हसायला लागले ते थांबेनात. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. करिश्मा तेवढी हसत नव्हती.

"सर, पण तुम्हाला वासावरूनही कळलं नाही?" ती म्हणाली. "शेवटी सांगणार होते. यात दारूच नाही. बिननशेची आहे." तिनं प्रयोगशाळेचा रिपोर्ट पुढे केला. सरांनी तो विद्यार्थ्याचं जर्नल तपासावं तसा दोनदा तपासला. अल्कोहोलच्या रकान्यात शून्य होतं.

देवाजीभाऊंनी खांबाची मिठी हळूच सोडली. अंकुश खाली बघून शर्टाची बटणं लावायला लागला.

सरांनी ग्लास उचलला. या खेपेला वास घेतला नाही. डोळे मिटून त्यांनी तो तळापर्यंत रिकामा केला. करिश्माचा मोबाइल चालूच होता. तिघंही पुढे वाकून दोनशे चौदाव्या परीक्षणाची वाट बघत होते.

सरांचे डोळे उघडले ते मोठेच होत गेले.

"अगा मायवं," ते म्हणाले, "हे कडू असते?"